रोजच्या वाटेवरचे फोटो

सातारा-सांगलीतल्या कोणत्याही हौशी छायाचित्रकाराचा मोबाइल उघडून बघा. कासची फुलं, ठोसेघरचा धबधबा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, मेणवलीचा घाट आणि आयर्विन पुलाखालून चाललेली लाल कृष्णा, हे सगळं त्यात असतंच. नाव झाकलं तर कुठला फोटो कुणाचा ते सांगता येत नाही. फोटो वाईट असतात असं नाही. पण तीन वर्षांपूर्वीचा फोटो आणि कालचा फोटो शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही, ही खरी अडचण. त्यावर उपाय म्हणून बहुतेक जण नवी लेन्स घेतात. हप्ते फिटेपर्यंत फोटो तसेच राहतात.

लेन्सबद्दल पुढे थोडं आहे, पण थोडंच. माझं म्हणणं असं की फोटो सुधारतो तो एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा गेल्यानं, आणि तसं जायचं तर ते ठिकाण सायकलच्या किंवा एसटीच्या टप्प्यात हवं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. इतकी विविधता घराजवळ असताना शिकायला लडाखला जायची गरज नाही.

आधी जागा ठरवा

चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी १९४० ते १९५४ या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवरचं दंव, ओघळणारं पाणी, पलीकडच्या अंगणातलं वाकडं झाड. विषय एवढाच. ते फोटो आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. खिडकी साधीच होती, बघणं थांबलं नाही.

आपल्याकडे असाच विषय हवा असेल तर सांगलीचा आयर्विन पूल घ्या. १९२९ साली तो वाहतुकीला खुला झाला आणि तेव्हापासून शहर पाण्याची उंची याच पुलावर मोजतं. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. काठावरची एक उंच, सुरक्षित जागा निवडा. पाय कुठे ठेवायचे ते लक्षात ठेवा, लेन्सचं अंतर आणि कॅमेऱ्याची उंची तीच ठेवा आणि वर्षभर तिथूनच फोटो घ्या. मे महिन्यात उघडे पडलेले दगड, जूनमधलं पहिलं गढूळ पाणी, गणेशोत्सवातली गर्दी, डिसेंबरच्या सकाळी पाण्यावरून उठणारी वाफ. त्यातले बारा फोटो एका ओळीत लावले की जे दिसतं ते एकट्या फोटोत कधीच दिसत नाही. पुराच्या दिवसांत मात्र काठ सोडून लांबच्या गच्चीवरूनच काढा. पाणी चढताना मागची वाट कधी बंद होते ते कळत नाही.

पूल नको असेल तर कराडचा प्रीतिसंगम आहे, साताऱ्याजवळचा माहुलीचा संगम आहे, वाईचा गणपती घाट आहे. तेही लांब वाटत असेल तर गल्लीतली पिठाची गिरणी चालेल. गिरणीत पीठ हवेत तरंगत असतं आणि दारातून येणारा उजेड त्यात दिसतो. असा उजेड विकत घ्यायला स्टुडिओवाले पैसे मोजतात.

उजेड आपल्या अक्षांशावरचा

फोटोग्राफीची बरीच पुस्तकं आणि व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले. त्यात ‘गोल्डन अवर’ असतो आणि तो खरोखर तासभर चालतो. सातारा साधारण साडेसतरा अंश अक्षांशावर, सांगली त्याच्याही खाली. इथे सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांच्या आतला तो सोनेरी उजेड आपल्याला जेमतेम पंचवीस मिनिटं मिळतो. वाईसारख्या डोंगरांनी वेढलेल्या गावात त्याहून कमी, कारण सूर्य मावळण्याआधीच डोंगराआड जातो. म्हणजे घाटावर पोहोचल्यावर जागा शोधायला वेळच नसतो. जागा आदल्या दिवशी दुपारी बघून ठेवायची.

मे महिन्याच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. आधी सांगलीत, मग दोन-तीन दिवसांनी साताऱ्यात. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या उजेडात माणसाचा चेहरा काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात आणि नाकाखाली मिशीसारखी सावली पडते. अशा वेळी माणसाला ओसरीत, दाराच्या उंबऱ्याच्या आत, पारावरच्या वडाखाली घ्या. तोंड बाहेरच्या उजेडाकडे असू द्या. अंगणातली तापलेली जमीन खालून उजेड फेकते आणि चेहरा मऊ होतो. डिसेंबरात हीच दुपार वेगळी असते. सूर्य माथ्यावर येतच नाही, पन्नास अंशांच्या आतच राहतो, त्यामुळे हिवाळ्यात अकरा ते तीन घरी बसायचं कारण नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या मंडळींना हे न शिकता माहीत असतं.

सूर्य मावळल्यावर बहुतेक जण तिपाई आवरतात. थांबा. अजिंक्यताऱ्यावरून सातारा शहर बघायचं ते मावळतीनंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत. आभाळ गडद निळं असतं, घरांतले दिवे लागलेले असतात आणि दोन्ही एकाच फोटोत मावतात. आणखी दहा मिनिटं गेली की आभाळ काळं होतं आणि उरतात फक्त ठिपके.

औंधला एक दिवस

कॅमेरा पिशवीत ठेवून करायचा हा अभ्यास आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचा संग्रह असलेलं श्री भवानी संग्रहालय १९३८ पासून औंधला, यमाईच्या डोंगरावर आहे. राजा रविवर्मा यांची मूळ चित्रं तिथे आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूर यांचं शिल्पही आहे. खटाव तालुक्यातल्या या गावात हे सगळं आहे आणि शेजारच्या गावांतल्या कॅमेरेवाल्यांनी ते पाहिलेलं नसतं, याचं मला नवल वाटतं.

एका चित्रापुढे दहा मिनिटं उभं राहा आणि ठरवून काही गोष्टी बघा. उजेड कुठून येतोय? चेहऱ्याचा कोणता गाल सावलीत आहे? पार्श्वभूमी चेहऱ्यापेक्षा गडद आहे की उजळ? हात कुठे आहेत? हौशी फोटोत माणसाचे हात मनगटापाशी कापले गेलेले असतात किंवा लोंबत असतात. चित्रकार हात कधीच वाऱ्यावर सोडत नाही. ही नजर एकदा बसली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरही ती चालू राहते.

मीटर फसतो ते क्षण

कॅमेऱ्यातला मीटर, मोबाइलचाही, सगळं जग मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. बहुतेक वेळा ते खपतं. पण आपल्याकडे नेमके ते प्रसंग जास्त, जिथे खपत नाही.

धुकं घ्या. पावसाळ्यात महाबळेश्वर, कास, सज्जनगडाचा चढ, सगळं पांढरं. मीटरला ते फार उजळ वाटतं, तो फोटो काळवंडून टाकतो आणि धुक्याचा धूर होतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. मोबाइलवर बोटानं फोकस करून सूर्याचं चिन्ह वर सरकवलं की तेच होतं.

याच्या उलट गुऱ्हाळ. आत अंधार, काहिलीवर वाफ आणि छपराच्या फटीतून एखादीच तिरीप. मीटर अंधार बघून फोटो उजळ करतो आणि ती तिरीप, जिच्यासाठी आपण आत आलो, पांढरी फटक होऊन जाते. इथे एक-दीड स्टॉप कमी करा. काळा भाग काळा राहू द्या, त्यात गुळव्याचा खांदा आणि उलथन्याची कड दिसली तरी पुरे. आणखी एक, पहाटेच्या थंडीतून एकदम वाफेत शिरलं की लेन्सवर पाणी धरतं. पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात ताजा गूळ खायला मिळतो.

हळदीचा प्रश्न याहून अवघड. सांगलीच्या बाजारात हळदीचे ढीग आणि पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा उजेड एकत्र, आणि इतक्या भडक पिवळ्यात सेन्सरचा लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून सांडतो. स्क्रीनवर फोटो छान वाटतो, घरी येऊन बघावं तर भंडाऱ्याच्या जागी नुसता सपाट पिवळा डाग, कण नाही की धूर नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर सरळ दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा आणि रॉ फाइल काढा. पालीला लेन्स बदलायची नाही, हे वेगळं सांगायला नको. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून लेन्सपुरतं भोक पाडायचं. भंडारा इतका बारीक असतो की झूमच्या नळीत एकदा गेला की दुरुस्तीवाल्याकडेच निघतो.

वारीत तिसरीच गंमत. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या आणि उन्हानं रापलेले चेहरे. कपडे सांभाळले तर चेहरे जातात. चेहऱ्यावर मोजा, कपडे थोडे उडाले तरी चालतील, पण अगदी कोरे होऊ देऊ नका.

कासला गेलातच तर

कास पठार साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत ते आहे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा फुलांचा काळ, आणि तो दर पंधरवड्याला रंग बदलतो. शनिवार-रविवारी गर्दीवर मर्यादा असते, आधी नोंदणी करून जावं लागतं. त्यापेक्षा आठवड्यातला मधला दिवस बरा.

पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. कुठे कुठे तर बोटभर. सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पती त्या ओल्या, उथळ जागांतच वाढतात, आणि नेमकं तिथेच लोक ‘चांगल्या अँगलसाठी’ गुडघे टेकतात. एका गुडघ्याखाली काय काय गेलं ते फोटोत येत नाही. पायवाट सोडायची नाही. पायवाटेवर बसून, कॅमेरा जमिनीलगत धरून, वाटेच्या कडेचं जे मिळेल ते काढायचं. समोर आलेलं गवत उपटायचं नाही, फुलावर बाटलीनं पाणी शिंपडून दव करायचं नाही.

आता फोटोचं. सगळे जण फुलांचा गालिचा काढायला जातात आणि बहुतेकांच्या फोटोत तो गालिचा दिसत नाही, कारण उभ्या माणसाच्या उंचीवरून फुलांमधली मोकळी जागा दिसते. कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणला की फुलं एकमेकांमागे दाटतात. तेरड्याचा गुलाबी पट्टा, मागे सोनकीचा पिवळा, त्यामागे ढग. मागचंही स्पष्ट हवं असेल तर एफ/११, फक्त पुढचं हवं असेल तर एफ/४. वारा सारखा असतो, त्यामुळे शटर १/२५० च्या खाली उतरलं की फूल हलतं. आयएसओ वाढवा, घाबरू नका. पोलरायझर फिल्टर असेल तर ओल्या पानांवरची चमक जाते आणि हिरवा रंग खोल होतो. मोबाइलवाल्यांनी उन्हाचे चष्मे लेन्सपुढे धरून बघायला हरकत नाही, पोलराइज्ड काच असेल तर काम होतं.

ऊन नाही म्हणून खट्टू होणारे इथे दर खेपेला भेटतात. ढगाळ दिवस हा फुलांसाठी सगळ्यात चांगला दिवस. उन्हात पाकळ्या जळतात, ढगात त्यांच्या शिरा दिसतात. मिकी माऊस म्हणून ओळखलं जाणारं कवल्याचं पिवळं फूल, गेंदाचे पांढरे गोंडे, यांच्याकडे एकेकट्यानं बघा. एका फुलाशी अर्धा तास घालवला की त्यावर येणारी माशी, कोळी, मुंगी दिसायला लागते. आणि हे सगळं कासलाच असतं असंही नाही. सह्याद्रीच्या कडेच्या कुठल्याही गावात श्रावणात बांधावर तेरडा असतो. तिथे तिकीटही नाही.

वारी, बगाड, कुस्ती

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकरी, मधून अश्व धावतात. सगळा खेळ काही मिनिटांचा. घोडा टिपायचा तर १/१००० शटर, सलग फोटो घेण्याचा मोड, आणि जागा दोन-तीन तास आधी धरलेली. पण खरं सांगायचं तर घोड्याचा फोटो दर वर्षी शेकडो जण काढतात आणि वर्तमानपत्रात तो येतोच. घोडा पुढे गेल्यावर लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या वेळी बहुतेक कॅमेरे घोड्यामागे वळलेले असतात. तुमचा तिथेच राहू द्या.

वारी दोन टोकांवरून कशी दिसते ते बघायला दोन पुस्तकं शेजारी ठेवावीत. उद्धव ठाकरे यांचं ‘पाहावा विठ्ठल’ वारी आकाशातून दाखवतं, माणसांची नदी. संदेश भंडारे यांनी वारी जमिनीवरून, माणसांबरोबर चालत टिपली. भंडारे यांनी तमाशावरही असंच दीर्घ काम केलं, फडाबरोबर राहून. कोणतं बरं हा वाद इथे नको. प्रश्न असा की तुम्ही उभे कुठे राहणार हे तुम्ही ठरवलं होतं, की गर्दीनं जिथे ढकललं तिथून फोटो काढला? ड्रोन उडवायचा विचार असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आधी वाचा. गर्दीवर, वनक्षेत्रावर, धरणांवर परवानगीशिवाय उडवणं अंगाशी येतं. आणि राहुट्यांमधली पहाटेची आंघोळ हा फोटोचा विषय नाही, त्यातल्या बायका तुमच्यासाठी वारीला आलेल्या नाहीत.

रंगपंचमीला वाईजवळ बावधनचं बगाड निघतं. अवजड गाडा, त्याला जुंपलेले बैल, वर उंच शिडाला बांधलेला बगाड्या. अशा वेळी फक्त वर बघत राहिलं की वीस फोटो एकसारखे येतात. एक नेम धरा: प्रत्येक प्रसंगाचे तीन अंतरांवरून फोटो. एक सगळं मावेल असा लांबून, एक चार-पाच माणसांचा, एक फक्त हाताचा, दोराचा किंवा बैलाच्या डोळ्याचा. घरी आल्यावर तिसऱ्या अंतरावरचे फोटो किती कमी काढले ते दिसतं, पुढच्या वेळी ते वाढवायचे. बैल बिथरले तर गाडा थांबत नाही, म्हणून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे चालायचं नाही.

कुस्तीचं मैदान शिकायला फार चांगलं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, आणि त्या भागात आजही जत्रेला फड असतोच. लाल मातीवर ऊन पडलं की ती माती खालून पैलवानांच्या अंगावर तांबूस उजेड टाकते. शटर १/५०० च्या वर ठेवा. संध्याकाळी दिवे लागल्यावर आयएसओ ३२०० ला न्यावं लागेल, फोटोत दाणे येतील. येऊ द्या. दाणेदार पण स्थिर फोटो चालतो, हललेली पकड चालत नाही. अधूनमधून मैदानाकडे पाठ करा. हलगीवाल्याचा चेहरा आणि डाव पडताना अर्धवट उठलेले प्रेक्षक, कुस्तीचा निकाल तिथेही दिसतो.

माणसांजवळ जाताना

मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच भागात आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानं बहुधा छोटी, उजेड एकाच दारातून, छताला टांगलेले भोपळे, आणि दारापाशी बसून कोरीव काम करणारा कारागीर. माणसांचे फोटो शिकायला यापेक्षा चांगली खोली शोधून सापडणार नाही. फ्लॅश लावला तर ती खोली मेली म्हणून समजा.

पहिल्या खेपेला कॅमेरा बाहेर काढू नका. भोपळा कुठून येतो, लाकूड कोणतं, जवारी कशी लावतात ते विचारा. कामाबद्दल बोलायला कारागिराला आवडतं, पोझ द्यायला नाही. दुसऱ्या खेपेला विचारून, “मामा, काम चालू राहू द्या, मी हितंच बसतो,” म्हणून दाराच्या बाजूला, उजेड अडवणार नाही असं बसा. पहिली पंधरा मिनिटं माणूस कॅमेऱ्यासाठी काम करतो, मग कंटाळून कामासाठी काम करायला लागतो. तेव्हा सुरुवात करायची. चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत असेल, असू द्या. कान तारेकडे लागलेला असताना डोळे कुठेच बघत नसतात, तो फोटो.

ऊसतोडीच्या फडात मात्र जास्त जपून. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या पडतात, पहाटेच्या धुरात बैलगाड्या निघतात. दिसायला सगळं फार ‘फोटोजेनिक’ आणि त्यातच धोका आहे. दमलेल्या बाईला आणि शाळा सुटलेल्या पोराला फोटोसाठी थांबवायचं नाही. फोटो कशाला हवा असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्या. नको म्हटलं तर कॅमेरा खाली. हा नियम स्पर्धेच्या बक्षिसापेक्षा मोठा आहे.

रंगाच्या दोन अडचणी

तासगावकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याची शेडं भरतात. शेडला हिरवी जाळी असेल तर आतल्या माणसांचे चेहरे आजारी दिसतात. ऑटो व्हाइट बॅलन्सला ते सावरत नाही. माणसाच्या हाताजवळ पांढरा कागद धरून त्यावर व्हाइट बॅलन्स लावा, किंवा माणसाला जाळीपासून शेडच्या उघड्या तोंडाशी आणा.

दुसरी अडचण गणपतीतली. मंडळाच्या एलईडी रोषणाईचे फोटो काढले की आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

सामान

मोबाइल असेल तर मोबाइल. त्याची लेन्स रुमालानं पुसली तरी फोटो सुधारतो, हे विनोदानं म्हणत नाही. डिजिटल झूम टाळा, चालत पुढे जा. ग्रिडच्या रेषा चालू ठेवा, क्षितिज तिरकं येणार नाही. कॅमेरा असेल तर बरोबर आलेली लेन्स वर्षभर वापरा, मग ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. तिच्याआधी तिपाई घेतलीत तर आणखी बरं. ठोसेघरला पाण्याचा दुधी पदर हवा असेल तर अर्ध्या सेकंदाचं शटर लागतं आणि ते हातात धरून जमत नाही. पवनचक्कीची पाती फिरताना दाखवायची तरी तेच, १/१५ च्या आसपास, नाहीतर ती बंद पडल्यासारखी दिसतात.

सातारच्या पश्चिम भागात पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. चामड्याच्या सुंदर पिशवीत ठेवलेल्या लेन्सला सगळ्यात आधी. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर भागतं. पुड्या अधूनमधून बदला. कॅमेरा वापरत राहणं हाही बुरशीवरचा उपाय आहे.

निवडणं आणि प्रिंट

फोटो काढणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं घरी, आणि ते कुणालाच आवडत नाही. आल्या आल्या निवडू नका. फोटो काढताना जो त्रास झाला त्याचं प्रेम त्या फोटोवर बसलेलं असतं. आठवड्यानं उघडा. महिन्याच्या तीनशेतले दहा ठेवा, वर्षाच्या शेवटी त्या एकशे वीसमधले बारा. बाकीचे पुसायची गरज नाही, फक्त दाखवायचे नाहीत. फाइली दोन वेगळ्या डिस्कवर असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी. पुराचं पाणी तळमजल्यावरच्या कपाटात शिरतं हे सांगलीकरांना सांगायला नको.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो आणि अंगठे नातेवाइकांचे असतात. त्यावरून काही शिकता येत नाही. तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला फोटो दाखवा आणि फक्त विचारा, पहिल्यांदा काय दिसलं? तुम्हाला जे दाखवायचं होतं ते सोडून मागचा विजेचा खांब दिसला असेल तर उत्तर मिळालं.

बारांपैकी चार तरी प्रिंट करा. आठ बाय बाराची प्रिंट कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये निघते. भिंतीवर आठ दिवस राहिलेला फोटो आवडेनासा झाला तर तो काढून टाका. ज्यांचे फोटो काढलेत त्यांच्यासाठी एकेक प्रत जादा करा. मिरजेच्या दुकानात ती नेऊन द्या, गुऱ्हाळावर द्या, हलगीवाल्याला पुढच्या जत्रेत द्या. प्रिंट हातात पडल्यावर लोक आधी स्वतःला बघतात, मग फोटोतली चूक सांगतात: हात असा नसतो, पटाशी अशी धरत नाहीत. ते वहीत लिहून घ्या, आणि कॅमेरा बरोबर नेलेला असेल तर ती पटाशी कशी धरतात त्याचा फोटो तिथेच घ्या.